प्राकृत बोलणाऱ्या स्त्रिया

संस्कृत नाटकात राजा, मंत्री, पंडित संस्कृत बोलतात. राणी, सखी आणि दासी प्राकृत बोलतात. हा संकेत अभ्यासकांच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात कोणाचा अधिक्षेप असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. शशी देशपांडे यांच्या ‘दॅट लाँग सायलेन्स’ (१९८८) या इंग्रजी कादंबरीच्या नायिकेला, जयाला, मात्र नाटके शिकतानाच त्याचा राग आलेला असतो. सतरा वर्षांच्या संसारानंतर तिला उमगते की, पतीला हवे तेच उत्तर देत राहणारी आपणही आजवर प्राकृतच बोलत आलो. १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीचे मर्म येथे आहे. शीर्षकातील मौनाची चर्चा पुष्कळ झाली. परंतु जया मुकी नाही, ती नेमून दिलेली भाषा बोलते, हा भेद महत्त्वाचा आहे.

ही उपमा लेखिकेला घरातच सापडण्यासारखी होती. १९३८ साली धारवाडला जन्मलेल्या आणि पुढे बंगळूरला स्थायिक झालेल्या या लेखिकेचे वडील म्हणजे कन्नड नाटककार श्रीरंग. ते संस्कृतचे प्राध्यापक आणि नाट्यशास्त्राचे भाषांतरकार होते, आई मराठीभाषी. त्या परंपरेत एक अपवाद आहे, ज्याचा कादंबरीने उपयोग केलेला नाही. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तील कौशिकी संस्कृत बोलते, आणि ती परिव्राजिका आहे. म्हणजे पुरुषांच्या भाषेचा अधिकार स्त्रीला मिळतो तो घर सोडल्यावर. जयाला तर घरात राहूनच तो हवा आहे, आणि म्हणूनच तिचा प्रश्न कौशिकीच्या प्रश्नाहून कठीण आहे.

लेखिका ही अडचण व्याख्यानातून नव्हे, तर बारीकसारीक घरगुती तपशिलांतून उभी करते. जयाच्या एका कथेला पारितोषिक मिळते. पतीला मात्र कथेतील नवरा म्हणजे आपणच असे लोक समजतील याचे दुःख होते. तो रागावत नाही, दुखावतो. आणि दुखावलेल्या माणसाशी भांडता येत नाही. मग जया टोपणनावाने लिहू पाहते आणि अखेर ‘सीता’ या नावाच्या हलक्याफुलक्या सदरावर येऊन स्थिरावते. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिताना मालतीबाई बेडेकरांनीही विभावरी शिरूरकर हे नाव घेतले होते. पण तेथे टोपणनावाने सत्य बोलण्याची मोकळीक मिळाली. येथे ते सत्य टाळण्याची सोय झाले आहे. अर्धशतकात मुखवट्याचे कार्यच उलटले, हे स्त्रीच्या प्रगतीचा आलेख केवळ चढता मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

रामूकाकांनी मोठ्या कौतुकाने तयार केलेल्या वंशवृक्षाचा प्रसंग तर अविस्मरणीय आहे. त्यात जया नाही, कारण ती सासरची झाली. पण मग या घरात सून होऊन आलेल्या आजी, आई, काकू तरी कोठे आहेत? त्याही नाहीत. मराठी घरांतील कुळवृत्तांत चाळलेल्या वाचकाला यावर भाष्याची गरज भासू नये.

तथापि एक आक्षेप घेतल्यावाचून राहवत नाही. दादरच्या घरी कामाला येणारी जीजा ही कादंबरीतील सर्वांत समर्थ व्यक्तिरेखांपैकी एक आहे. व्यसनी नवऱ्याने दुसरी बायको केली, तरी तिने ते तक्रारीवाचून सोसले आणि नंतर त्या संसाराचा भारही अंगावर घेतला. नयना पुन्हा गरोदर आहे. तिला मुलगाच हवा, कारण मुलीच्या वाट्याला पुन्हा तेच भोग यायचे. या बायका बोलतात ते मात्र जयाच्याच इंग्रजीत, फार तर थोड्या आखूड वाक्यांत. ज्या कादंबरीचा रोष स्त्रियांना प्राकृत बोलायला लावणाऱ्या संकेतावर आहे, तिला घरातील दोन बायकांच्या बोलीतील अंतर दाखवता येत नाही. जयाचे मौन आणि जीजाचे मौन एक नव्हे: पहिलीला गमावण्याजोगे सुस्थित घर आहे, दुसरीला उद्याच्या मजुरीची चिंता आहे. कथानकात हा भेद आहे. भाषेत तो विरून जातो. इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय लेखकाची ही जुनी अडचण आहे, आणि त्यातून सुटका करून घेण्यासाठी मोडक्यातोडक्या इंग्रजीचा जो बाजार अन्यत्र मांडला जातो, त्यापेक्षा देशपांडे यांचा संयम निश्चितच शहाणपणाचा आहे. पण संयमाचीही किंमत द्यावी लागते.

पुढे याच लेखिकेने गौरी देशपांडे यांची ‘निरगाठी’ मराठीतून इंग्रजीत नेली. तेथे निवेदनाला मूळचाच मराठी घरगुती सूर होता. तो दुसऱ्या भाषेत जपणे एवढेच काम होते. ‘दॅट लाँग सायलेन्स’ मराठीत आणताना काम उलटे आहे. मराठीत न लिहिलेले मराठी घर पुन्हा मराठीत उभे करायचे, आणि जयाने एका तऱ्हेने बोलायचे तर जीजाने कोणत्या, हे प्रत्येक वाक्याला ठरवायचे. मूळ लेखिकेला जो निर्णय घ्यावा लागला नाही, तो तेथे पहिल्याच संवादात घ्यावा लागतो.