८९ टक्के, पण कितींपैकी?

पेपर उघडला की आपली नजर आधी अ‍ॅब्स्ट्रॅक्टमधल्या टक्केवारीवर जाते. तुमचीही जात असेलच. आज अशीच एक टक्केवारी उलगडून बघू. विषय थोडा अवघड वाटेल, कारण आपल्याकडे त्यावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही: शौचावर ताबा न राहणे. या त्रासापायी माणसं घराबाहेर पडायचं सोडून देतात.

त्यावरचा एक उपाय म्हणजे सेक्रल नर्व्ह स्टिम्युलेशन. कण्याच्या तळाशी त्रिकास्थी हे हाड असतं. त्यातल्या तिसऱ्या छिद्रातून एक बारीक तार नसेजवळ नेतात आणि नितंबाच्या त्वचेखाली पेसमेकरसारखं यंत्र बसवतात. अमेरिकेत हे यंत्र लघवीच्या त्रासासाठी १९९७ मध्ये मंजूर झालं, शौचाच्या त्रासासाठी २०११ मध्ये. दुसऱ्या मंजुरीमागे वेक्सनर आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास होता. त्याच रुग्णांचा पाच वर्षांचा निकाल हल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये छापला. त्यात म्हटलंय की ८९ टक्के रुग्णांचे प्रसंग निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाले.

छान वाटतं ना? आता वही-पेन घ्या.

८९ टक्के म्हणजे ७२ पैकी ६४. पण यंत्र बसवलं होतं १२० जणांना. पाच वर्षांपर्यंत टिकले ७६, आणि हा हिशोब झाला ७२ जणांचा. म्हणजे छेदात १२० ठेवले तर ५३ टक्के. अजून मागे जा. यंत्र बसवण्याआधी साधारण दोन आठवडे तात्पुरती तार लावून चाचणी घेतात आणि ज्यांना फरक पडतो त्यांनाच पुढे नेतात. चाचणी झाली होती १३३ जणांची. छेद १३३ धरला तर ४८ टक्के.

घाई नको हं. जे फॉलो-अपला आले नाहीत ते सगळे फसलेच, असं मी म्हणत नाहीये. कुणी गाव बदललं असेल, कुणाला बरं वाटलं म्हणून आलं नसेल. चाचणी घेऊन रुग्ण निवडणं हेही वैद्यकीयदृष्ट्या शहाणपणाचंच. पण ज्याला अजून चाचणीसुद्धा झालेली नाही, अशा माणसाला "शंभरातल्या ८९ जणांना गुण येतो" असं सांगणं म्हणजे दिशाभूल. आणि त्या ७६ मधल्या २७ जणांचं यंत्र दुरुस्त करावं, बदलावं किंवा काढावं लागलं होतं, हेही त्याला त्याच दमात सांगायला हवं.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता. त्रास मोजला रुग्णांच्या डायरीवरून, उपचाराआधी आणि नंतर. डायरी लिहिणाऱ्याला माहीत असतं की आपल्या अंगात यंत्र आहे. यामुळे आकडा किती फुगू शकतो? ब्रिटनमधली २०१५ ची कॉन्फिडंट चाचणी बघा. तिथे घोट्याजवळच्या नसेला सुईने करंट देतात, म्हणजे उपचार वेगळा, पण त्रास तोच. प्रसंग निम्म्यावर आलेले रुग्ण खऱ्या उपचारात ३८ टक्के, आणि नुसत्या दिखाव्याच्या उपचारात ३१ टक्के! हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

मग यंत्रही नुसता दिखावाच का? तसं नाही. लेरॉय आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक साधी युक्ती केली. यंत्र बसवलेल्या २७ जणांचं यंत्र एक महिना चालू आणि एक महिना बंद ठेवलं, कधी काय ते न सांगता. पूर्ण केलं २४ जणांनी. कोणता महिना बरा गेला विचारल्यावर १८ जणांनी चालू निवडला, ५ जणांनी बंद. रुग्ण कमी, काळ छोटा, तरी करंटचा स्वतःचा काही परिणाम आहे हे मला १२० जणांच्या अभ्यासापेक्षा या २४ जणांवरून जास्त पटतं.

आणखी एक गोष्ट, जी गाइड लोक सहसा विचारत नाहीत: "निम्म्याने कमी" ही यशाची रेघ कुणासाठी? आठवड्यात दहा वेळा कपडे खराब होणाऱ्या बाईला पाच वेळा झाले, तर पेपरमध्ये ती यशस्वी ठरते. बसने कामाला जायला लागली की नाही, हे त्या रकान्यात येत नाही. त्याच पेपरमध्ये पूर्ण ताबा आलेल्यांचा आकडाही आहे: ७२ पैकी २६.