नवे इतिहासलेखक आणि आपले कौतुक

आपल्यातला एखादा तरुण इतिहासाची पुस्तिका लिहितो तेव्हा आपण तिला प्रस्तावना देतो, समीक्षा देत नाही. 'समाजाला प्रेरणा देणारे लेखन' हे शब्द आम्हा प्राध्यापकांच्या खिशात तयारच असतात. मीही अशा चार-पाच प्रस्तावना लिहिल्या. त्यांपैकी एकही हस्तलिखित मी शेवटपर्यंत वाचले नव्हते, हे इथे कबूल केले पाहिजे.

दादरला 6 डिसेंबरला आणि नागपूरला दीक्षाभूमीवर विकल्या जाणाऱ्या ह्या पुस्तिका म्हणजे काही किरकोळ वाङ्मय नव्हे. पुस्तकाच्या दुकानाची पायरी कधी न चढलेला माणूस तिथे पोराबाळांसह उभा राहून पुस्तक निवडतो, घरी नेतो आणि जपून ठेवतो. विद्यापीठातल्या प्रबंधाला असा वाचक कुठला? म्हणूनच ह्या लेखनाची चिकित्सा अधिक कठोर हवी.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याने भीमा कोरेगाववरची वही वाचायला आणून दिली. पहिलेच वाक्य होते : पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापून काढले. मी त्याखाली लाल रेघ ओढली. तो म्हणाला, "सर, तुम्हीसुद्धा?" हे शब्द मला लागले. पण रेघ मी पुसली नाही.

1 जानेवारी 1818 रोजी कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीत सुमारे पाचशे पायदळ होते, घोडदळ होते, 24 युरोपियन गोलंदाज होते. पायदळात महार मोठ्या संख्येने होते. सगळेच महार नव्हते. पेशव्याची फौज जवळपास अठ्ठावीस हजारांची होती, पण गावावर चालून गेली ती तिच्यातली काही पथके, आणि त्यांत अरब व गोसावी होते. दिवसभर तहानभुकेने लढून कंपनीच्या तुकडीने गाव सोडले नाही. पेशव्याची फौज निघून गेली. एवढे सत्य पराक्रमाला कमी पडते काय? स्तंभावर 49 नावे आहेत आणि त्यांतली 22 'नाक' ह्या प्रत्ययाची आहेत. ज्यांची सावलीही नको होती त्यांची नावे दगडावर कोरली गेली. इतका बळकट पुरावा हाती असताना आपला लेखक फुगवलेल्या आकड्याच्या आधाराने का उभा राहतो? 2018 साली त्याच दिवशी तिथे जमलेल्या लोकांवर हल्ला झाला. तेव्हापासून तर आपले एक चुकीचे वाक्य पुढे करून आपला सगळा इतिहास खोटा ठरवायला माणसे टपून बसली आहेत.

मात्र आकडा दुरुस्त केला म्हणजे मार्गदर्शन संपले, असे नव्हे. ह्या पुस्तिकांचा खरा दोष वेगळा आहे. त्या लढाई आणि लढाईची आठवण एकत्र कालवतात. 1818 चा शिपाई कंपनीचा पगारी नोकर होता. त्याच्या मनात काय होते हे त्याने लिहून ठेवलेले नाही. पुढे 1890 च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारला अर्ज केले, पूर्वजांच्या सैनिकी सेवेचा दाखला दिला. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब स्तंभापाशी गेले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचे तळे झाले. ह्या आठवणीलाही स्वतःचा इतिहास आहे, आणि तो आपल्या लोकांनी घडवलेला आहे. तो कुणी सोप्या मराठीत लिहीत नाही! सोपे लिहिणे म्हणजे उथळ लिहिणे नव्हे. जोतीरावांनी 1869 साली शिवाजीराजांचा पवाडा केला तो कुणबी, माळी, महार, मांगांना समजावा म्हणूनच.

आता माझी चूक. त्याच वहीत आजीचे एक पान होते. बहात्तरच्या दुष्काळानंतर ती वडिलांबरोबर पहिल्यांदा कोरेगावला गेली. वडिलांना वाचता येत नव्हते, ते अक्षरांवरून नुसता हात फिरवत राहिले. मी समासात लिहिले : 'पुरावा?' सगळ्या वहीत दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात नसलेले तेवढे एकच पान होते, आणि मी तेच खोडायला निघालो होतो. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी चळवळीतल्या बायकांना शोधून, बोलते करून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक 1989 साली सिद्ध केले. ते मी वर्गात शिकवतो आणि समोर आजी आली की कागद मागतो. आजीला पुरावा मागायचा नसतो. कोणते साल, बरोबर कोण होते, कशाने गेलात, हे विचारायचे असते.

मी शिकत असताना आमच्या घरात पदवी कुणाकडेच नव्हती. माझा पहिला निबंध एका शिक्षकांनी परत दिला तो "तुमच्या मानाने बरा आहे" असे म्हणून. त्यावर एकही लाल खूण नव्हती. आज आम्ही नव्या लेखकांच्या पाठीवर थाप मारतो तेव्हा तेच वाक्य गोड करून बोलत असतो, असे मला वाटू लागले आहे.

वही तीनदा बदलली. पुस्तिका अजून छापली नाही. छापणाऱ्याला मुखपृष्ठावर तो अठ्ठावीस हजाराचा आकडाच हवा आहे. येत्या रविवारी मुलगा आजीला घेऊन स्तंभाशी जाणार आहे, सगळी 49 नावे उतरवून घ्यायला. अक्षर दगडावर जसे आहे तसेच लिही, शुद्धलेखन सुधारू नकोस, एवढे मी त्याला बजावले आहे.