चंद्राची तिथी आणि उसाचा फड

पाळीचं चंद्राशी नातं आहे, असं आपण हल्ली फार ऐकतो. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. पाळीचं चक्र साधारण 21 ते 35 दिवसांचं, बाईगणिक वेगळं. म्हणजे हिशेब जुळत नाही, रूपक जुळतं. रूपकाला आमची हरकत नाही. ओडिशात रजपर्वाला भूमीच रजस्वला होते, तीन दिवस नांगर बंद, मुली झोपाळ्यावर. सुंदरच आहे ते! पण आपल्या बीडची ऊसतोड बाई बघा. एक दिवस कोयता थांबला की खाडा, वर दंड. गर्भाशयं काढून घेतल्याच्या बातम्या 2019मध्ये गाजल्या, सरकारला समिती नेमावी लागली. शरीराची लय ऐक, हे तिला सांगण्याआधी मुकादमाला सांगावं लागेल. उचल त्याच्याकडून घेतलेली असते.