मैदान आणि चूल : गिरणगावातील खानावळवाल्यांच्या संघटनेची चिकित्सा

दादर परिसराच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास बहुतांशी शिवाजी पार्कच्या व्यासपीठावरून लिहिला गेला आहे. १९२५ साली खुले झालेले आणि १९२७ साली अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने शिवाजी महाराजांचे नाव लाभलेले हे मैदान संयुक्त महाराष्ट्राच्या प्रचंड सभांचे साक्षीदार आहे. १९९५ आणि २०१९ मध्ये मुख्यमंत्र्यांचे शपथविधीही येथेच झाले. लोकचळवळ म्हणजे सभा, मोर्चा आणि भाषण, असे समीकरण अभ्यासकांच्या मनात रुजावे यात नवल नाही. (मैदानाच्या नावामागे एका स्त्रीचा पुढाकार होता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.) रेल्वेमार्ग ओलांडून परळ-लालबागकडे गेल्यास मात्र निराळ्या प्रकारची एक चळवळ आढळते. तिला व्यासपीठ नव्हते. ती चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, चुलीपुढे उभी राहिली.

कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार बहुधा एकटा असे. पाळीप्रमाणे तो सामाईक खोलीत झोपे आणि जेवणासाठी खानावळीत जाई. खानावळवाली महिनाभर वाण्याकडून उधारीवर धान्य आणी, कामगार पगार झाल्यावर पैसे देई, खाडे वजा होत. दोन उधारींच्या मध्ये ती उभी होती आणि ही फट सावकाराच्या व्याजाने भरली जाई. संप झाला की कामगाराची उधारी वाढे. तरीही ती ताट वाढत राही. संपाचे बळ ज्या चुलीवर तगले, ती चूल चालविणारी स्त्री संघटनेच्या व्याख्येत 'कामगार' नव्हती, ही विसंगती मूलभूत स्वरूपाची आहे.

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने नेमक्या या विसंगतीवर बोट ठेवले. गोवा मुक्तिलढ्यात सहभागी झालेल्या व पुढे कम्युनिस्ट चळवळीत वावरलेल्या पुरव यांनी राष्ट्रीयीकृत बँकेचे दार या स्त्रियांसाठी उघडले. पहिल्या तुकडीत १४ खानावळवाल्या होत्या. तारण म्हणून देण्यासारखे काही त्यांच्याजवळ नव्हते. त्यामुळे त्यांनी एकमेकींची हमी घेतली. शेजारणीच्या शब्दाला बँकेच्या कागदावर किंमत आली, ही या प्रयोगातील खरी क्रांती होय.

मंडळाविषयीच्या गौरवपर लेखनात 'स्वाभिमान', 'आत्मविश्वास' हे शब्द वारंवार येतात. ते खोटे नाहीत, परंतु ते हिशेब झाकतात. कर्जामुळे सावकाराचा पाश सैल झाला. गिरणीच्या पगारावरील अवलंबित्व मात्र तसेच राहिले. घरातील मुलींचे राबणे कोणत्याही खात्यात नोंदले गेले नाही. १९८४ साली जेना एव्हरेट आणि मीरा सवरा यांनी मुंबईतील गरिबांना मिळणाऱ्या बँककर्जांचा अभ्यास मांडताना, त्यातून स्त्रियांचा लाभ होतो काय, हा प्रश्न शीर्षकातच उपस्थित केला, तो उगाच नव्हे.

गिरगावातील लिज्जतशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. पापड टिकतो, दूर जातो, त्याचे गिऱ्हाईक एका वस्तीत कोंडलेले नसते. ताटातला भात टिकत नाही आणि त्याचे गिऱ्हाईक गिरणीच्या भोंग्याला बांधलेले असते. स्थानिकता हीच खानावळीची शक्ती होती व तिचा धोकाही तोच होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा या धोक्याची प्रचिती आली. कामगार गावी परतू लागले. मागची उधारी बुडाली आणि पुढचे गिऱ्हाईकही गेले. संपोत्तर गिरणगावाचे मराठीतील चित्रण समर्थ आहे. जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे त्याचे ठळक उदाहरण. परंतु त्या वाङ्मयाच्या समीक्षेचे लक्ष प्रामुख्याने बेकार झालेल्या पुरुषाच्या भंगलेपणावर राहिले. गिऱ्हाईक हरवलेल्या खानावळवालीने दुसऱ्या दिवशी काय शिजवले आणि कोणासाठी, हा प्रश्न समीक्षेने क्वचितच विचारला.

मंडळापुरते त्याचे उत्तर उपलब्ध आहे. गिरणीऐवजी कचेऱ्यांना जेवण पुरविणे, समारंभांचा स्वयंपाक, प्रशिक्षण आणि पतपुरवठा अशी कामे पुढे आली. हे स्थित्यंतर सर्वांना साधले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. डब्याच्या व्यवसायाला ठरलेली वेळ, वाहतूक आणि भांडवल लागते. वय झालेल्या, एकट्या स्त्रीला ते झेपणे अवघड. मात्र परस्पर हमीची पद्धत गिरण्यांबरोबर संपली नाही. प्रेमा पुरव यांची कन्या मेधा सामंत यांनी बँकेतील नोकरीचा अनुभव घेऊन १९९३ पासून पुण्याच्या वस्त्यांमध्ये याच नावाने काम उभे केले. तेथे खानावळ नव्हती आणि गिरणीचा भोंगाही नव्हता. भाजीवाल्या आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया होत्या, आणि त्यांच्या कर्जाला एकमेकींचीच हमी होती.