डोळ्याला कसला आलाय सद्गुण?

इथून जवळच कार्ल्याच्या चैत्यगृहात काही खांबांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दानलेख आहेत. दाते धेनुकाकटाचे 'यवन'. ते मूळचे ग्रीक होते का, यावर विद्वानांत वाद आहे. पण हा शब्द आपल्या मावळात शतकानुशतकं दगडावर आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात मात्र ग्रीकांचा विचार ग्रीक शब्दांविना शिकवला जातो. आमची तक्रार आहे ती याबद्दल.

आपण प्लेटो-ॲरिस्टॉटल वाचतो इंग्रजीतून, आणि मराठीत आणतो ते त्या इंग्रजीचं भाषांतर. 'युडायमोनिया'चं 'हॅपिनेस' झालं, त्याचं 'सुख'. मग ॲरिस्टॉटल विचारतो, माणूस जिवंत असेपर्यंत त्याला तसं म्हणावं की नाही? विद्यार्थी चक्रावतो. सुख तर या घटकेला असतं! प्रश्न खरं तर सबंध आयुष्य नीट पार पडण्याचा आहे.

'अरेते'ला आपण 'सद्गुण' म्हणतो. 'रिपब्लिक'च्या पहिल्या भागात सॉक्रेटिस डोळ्यांच्या, कानांच्या अरेतेबद्दल बोलतो. डोळ्याला कसला आलाय सद्गुण? अरेते म्हणजे ज्याचं जे काम, ते उत्तम करण्याची गुणवत्ता. 'प्सुखे'ला 'आत्मा' म्हटलं की मागोमाग उपनिषदं आलीच. ॲरिस्टॉटल ती झाडाझुडपांनाही देतो, हे मग पचत नाही.

कुणी म्हणेल, भाषांतरात अर्थ सरकणारच. मान्य. कंदाहारला 1958 मध्ये सापडलेल्या अशोकाच्या लेखात 'धम्म'साठी ग्रीक शब्द आहे 'युसेबेइया', म्हणजे भक्तिभाव, आदर. तिथंही अर्थ सरकलाच. पण दोन्ही शब्द शेजारी ठेवता येतात, म्हणून तो किती सरकला ते दिसतं. आमच्या वर्गात मूळ शब्दच गैरहजर, मग मोजायचं कशाशी?

दुसरा आक्षेप वेळेचा. ग्रीक अवघड आहे खरी. पण विभक्ती, द्विवचन, आत्मनेपद ज्यानं संस्कृतात घोटलं, त्याला ती अगदी परकी वाटत नाही. ग्रीकमध्येही द्विवचन आहे, आत्मनेपदासारखा प्रयोग आहे. एम.ए.ला ग्रीकची एक ऐच्छिक पत्रिका असावी. ती न घेणाऱ्यांनाही निदान वीस-पंचवीस मूळ शब्द देवनागरीत शिकवावेत.

शंकराचार्यांचं भाष्य फक्त इंग्रजीतून वाचून कुणी वेदान्तावर प्रबंध लिहिला, तर आपण त्याला आधी संस्कृत शिकून ये म्हणू. ॲरिस्टॉटलच्या बाबतीत आपण तेच करतो, आणि वर पदवी देतो. निकष दोघांना एकच हवा.