‘सायलेंट स्प्रिंग’मधले पाणी : एका प्रकरणाची फेरतपासणी

रेचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक १९६२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. डीडीटी आणि नाहीसे होणारे पक्षी एवढाच त्याचा सारांश बहुधा वर्गात सांगितला जातो. त्याचे चौथे प्रकरण मात्र पृष्ठजल आणि भूजल यांविषयी आहे. शेतात फवारलेली रसायने विहिरीत आणि ओढ्यात कशी पोचतात हे शिकवायचे झाले, तर या प्रकरणाचा आधार घेण्याचा मोह होतो. तो किती घ्यावा, हे पाहिले पाहिजे.

प्रकरणाचे मोठे बळ एका विचारात आहे : जमिनीखालचे पाणी आणि जमिनीवरचे पाणी ही दोन पाणी नव्हेत. पावसाचे पाणी मुरते, खडकांच्या फटींतून सरकते आणि पुन्हा झऱ्यात, नदीत प्रकट होते. म्हणून भूजल दूषित करणे म्हणजे सगळेच पाणी दूषित करणे होय. यासाठी कार्सन यांनी डेन्व्हर शहराजवळच्या लष्करी रसायन कारखान्याचे उदाहरण दिले आहे. तिथल्या तळ्यांत साठवलेले सांडपाणी जमिनीखालून सुमारे तीन मैल दूरच्या शेतांपर्यंत पोचायला सात-आठ वर्षे लागली. पिके पिवळी पडली, जनावरे आजारी पडली. कारण एका जागी आणि परिणाम दुसऱ्या जागी, तोही वर्षांनंतर, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवायला यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

या विचाराला पुढच्या काळाने दुजोराच दिला आहे. मका आणि उसातले ॲट्राझीन हे तणनाशक जर्मनीने १९९१ साली बंद केले. तरी त्यानंतर कित्येक वर्षे ते आणि त्याच्या विघटनातून होणारे पदार्थ तिथल्या भूजलात सापडत राहिले. नळ बंद केला म्हणून हौद लगेच स्वच्छ होत नाही.

आता उणी बाजू. या प्रकरणातली सविस्तर उदाहरणे तपासा. डेन्व्हरचे प्रदूषण कारखान्याचे. तिथल्या काही विहिरींत २,४-डी हे तणनाशक सापडले खरे, पण ते कोणी शेतात फवारलेले नव्हते. सांडपाण्याच्या तळ्यांतच ते आपोआप तयार झाले असावे, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष कार्सन स्वतःच नोंदवतात. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकमध्ये चिलटांसाठी डीडीडी हे कीटकनाशक मुद्दाम पाण्यात टाकले होते. अलाबामातल्या ओढ्यांत मासे मेले ते कपाशीच्या शेतांतून वाहून आलेल्या टोक्झाफेनमुळे, आणि तेही कीटकनाशकच. म्हणजे शेतात वापरलेल्या तणनाशकाचे एकही सविस्तर उदाहरण इथे नाही.

हा दोष बव्हंशी काळाचा आहे. पाण्यातले अत्यल्प रसायन मोजण्याची साधने तेव्हा नुकती येत होती. परंतु शिकवताना त्याचा परिणाम होतो. सगळी ‘विषे’ सारखीच वागतात असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे. डीडीटी मातीच्या कणांना घट्ट चिकटते आणि प्राण्यांच्या चरबीत साठत जाते. ॲट्राझीन पाण्यात थोडेच विरघळते, पण मातीला फारसे चिकटत नाही. म्हणून ते पाण्याबरोबर खाली उतरते. ग्लायफोसेट मातीला चिकटते, पण धूप झाली की मातीबरोबर ओढ्यात जाते. रसायनाची वाट कळल्याशिवाय ती अडवता येत नाही.

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. पाण्याचे प्रकरण भय निर्माण करते, पण प्रतिबंधाबद्दल जवळजवळ गप्प राहते. सहाव्या प्रकरणात निवडक फवारणी आणि तण खाणारे भुंगे यांची चर्चा आहे. ती पाण्याशी जोडलेली नाही. वास्तविक इथे एक साधा हिशेब पुरतो. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ सालच्या भारतीय मानकात ॲट्राझीनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल, तर ते सुमारे १ लाख ४१ हजार लिटर भरते. ही मर्यादा गाठायला ०.२८ ग्रॅम ॲट्राझीन पुरेसे आहे! विहिरीच्या काठावर पंप भरताना सांडलेली चिमूटभर पूड इतके करू शकते.

हा हिशेब आपल्याकडे विशेष लागू पडतो. बेसॉल्टमध्ये पाणी भेगांतून वाहते आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पहिल्या पावसाचे पाणी थेट खोल उतरते. मग मातीला गाळायला वेळ कुठला?

दक्षिण स्वीडनमधल्या व्हेमेनहोग या छोट्या पाणलोट क्षेत्रात १९९० पासून ओढ्याचे पाणी तपासले गेले. फवारणीचे द्रावण बनवण्याच्या आणि पंप धुण्याच्या जागेकडे शेतकऱ्यांचे लक्ष वेधण्यात आले. पेंढा, पीट आणि माती यांनी भरलेले, वर गवत वाढवलेले खड्डे केले गेले. सांडलेले रसायन तिथे अडते आणि सूक्ष्मजीव त्याचे विघटन करतात. दशकभरात ओढ्यातल्या रसायनांची पातळी ९० टक्क्यांहून अधिक घटली.

तेव्हा कार्सन यांचे प्रकरण वर्गात जरूर वाचावे. पाण्याची एकात्मता तिथून घ्यावी. पुरावा मात्र नव्या काळाचा जोडावा, आणि विद्यार्थ्यांना घरच्या शेतावर चार गोष्टी पाहायला सांगाव्यात : पंप कुठे भरतात, कुठे धुतात, ओढ्याकाठी गवताचा पट्टा आहे का, कोळपणी किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन करून एखादी फवारणी टळते का. भीती दाखवून मुले शेतीपासून दूर जातील. वाट दाखवली तर विहीर राखतील.