शाप, वरदान आणि थाळींतलें पान

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांच्या वक्तृत्वस्पर्धांना परीक्षक म्हणून जाण्याचा प्रसंग आम्हांस वर्षानुवर्षें येतो, आणि 'अणुशक्ति : शाप कीं वरदान?' हा विषय फिरून फिरून पुढें ठाकतो. मुलें तयारीनें आलेलीं असतात. पहिल्या तीन मिनिटांत भस्मासुर येऊन जातो, पुढच्या तीन मिनिटांत अक्षयपात्र येतें, आणि घंटा होतांच 'शेवटीं सारें माणसाच्याच हातीं आहे' असें म्हणून वक्ता टाळ्यांच्या गजरांत खालीं उतरतो. मुलांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. तीं जें वाचतात तेंच बोलतात. ऑगस्ट १९४५ मध्यें हिरोशिमा व नागासाकी या नगरांचा जो संहार झाला, त्यानंतर अणूकडे पाहतांना मराठी लेखकानें हीं दोन पौराणिक चित्रें जीं हातीं धरलीं तीं अजून सोडलेलीं नाहींत. प्रकल्पाची बाजू घेणारीं पत्रकें पाहावीं तर अक्षयपात्र, विरोधकांचीं पत्रकें पाहावीं तर भस्मासुर. आणि निःपक्षपाती म्हणविणारा अग्रलेख असेल तर दोन्ही, एकेक परिच्छेद.

आमचा आक्षेप पुराणांवर नाहीं. पुराणें पुरतीं न वाचतां वापरण्यावर आहे. सूर्यानें पांडवांस दिलेली थाळी कधींच रिती होत नसे, असा आपला समज असतो. पण कथेंत तसें नाहीं. द्रौपदी जेवून उठली कीं त्या दिवसापुरती ती थाळी संपे. दुर्वास शिष्यांसह आला तो नेमका थाळी घासून पालथी घातल्यावर. आणि प्रसंग निभावला तो थाळीच्या कडेला चिकटून राहिलेलें भाजीचें एक पान श्रीकृष्णानें शोधून काढलें म्हणून. अणुशक्तीच्या वर्णनांत हें पात्र आणणाऱ्या लेखकांपैकीं कोणी या चिकटलेल्या पानाकडे लक्ष दिल्याचें आम्हांस आढळलें नाहीं. आणि गंमत अशी कीं, अणुइंधनाची सारी कथा त्या पानांतच आहे.

आपल्याकडील बहुतेक अणुवीजकेंद्रें नैसर्गिक युरेनियमवर चालतात. या युरेनियमांत सहज भंग पावणारा भाग शेंकडा ०.७ इतकाच असतो. शंभर किलो जळण भट्टींत घालून, त्याचें काम संपलें म्हणून बाहेर काढलें, तर त्यांतील जेमतेम पाऊण किलो खरोखर 'जळलेलें' असतें. सुमारें नव्व्याण्णव किलो युरेनियमच राहतें. आणि चारशें ग्रॅमहून कमी असा एक नवा पदार्थ त्यांत तयार झालेला असतो, तो प्लुटोनियम. हेंच थाळीला चिकटलेलें पान. डॉ. होमी भाभा यांनीं १९५४ सालीं जी तीन टप्प्यांची योजना मांडली तिचा दुसरा टप्पा याच पानावर उभा आहे : प्लुटोनियम वापरून चालणारी जलद प्रजनक भट्टी स्वतःला लागतें त्याहून अधिक इंधन निर्माण करते, आणि पुढें थोरियमचा मार्ग मोकळा होतो. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यांतील कसबा सांगावचे शिवराम भोजे यांचें आयुष्य या कामीं खर्ची पडलें. कल्पाक्कम येथील प्रायोगिक प्रजनक भट्टी १९८५ सालीं चालू झाली तिच्याशीं त्यांचें नांव निगडित आहे. परंतु 'लागतें त्याहून अधिक' हें वाक्य वाचून आमचे लेखक हरखून जातात व तेथेंच थांबतात. तें अधिक इंधन आयतें ताटांत पडत नाहीं. तें जळक्या सळ्यांत, अतितीव्र किरणोत्सर्गी राखेंत मिसळलेलें असतें. तें वेगळें काढणें म्हणजेच पुनःप्रक्रिया. थाळी घासणारा नसेल तर अक्षयपात्र हें नुसतें एक उष्टें भांडें आहे.

ही घासण्याची क्रिया आमच्या भागांतील वाचकास समजावून देणें मुळींच अवघड नाहीं. कऱ्हाड-इस्लामपूरकडे गुऱ्हाळ पाहिलेलें नाहीं असा माणूस विरळा. काहिलींत रस उकळूं लागला कीं भेंडीचा चीक घालतात, मळी वर येते, ती काढून टाकतात, आणि स्वच्छ रस पुढें आटतो. पुनःप्रक्रियेंतही सळ्यांचे तुकडे तापलेल्या नत्राम्लांत विरघळवितात. मग ट्रायब्युटिल फॉस्फेट नांवाचें द्रव्य रॉकेलसारख्या तेलांत मिसळून त्या आम्लाबरोबर घुसळतात. युरेनियम व प्लुटोनियम तेलांत जातात, राख आम्लांत मागें राहते. पुढें ती राख कांचेंत वितळवून, कांचेच्या लादी पोलादी डब्यांत बंद करून वर्षानुवर्षें थंड करीत ठेवावी लागते. तुर्भ्याचा असा पहिला कारखाना १९६४ सालीं चालू झाला. नंतर तारापूर व कल्पाक्कम येथेंही कारखाने निघाले.

उपमा द्यावी, पण ती कोठें मोडते तेंही सांगावें. हा प्रामाणिकपणा आमच्या सुलभ विज्ञानलेखनांत फार क्वचित् दिसतो. गुळव्या काहिलीवर ओणवून डोळ्यांनीं पाक ओळखतो. येथें जाड काँक्रीटच्या भिंतीआडून, यांत्रिक हातांनीं काम करावें लागतें. गुऱ्हाळाची मळी गुरांच्या वा शेताच्या उपयोगीं पडते. ही मळी हजारों वर्षें माणसांपासून दूर ठेवावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : काहील मोठी असली म्हणून रस आपोआप पेटत नाहीं. प्लुटोनियमचें किंवा समृद्ध युरेनियमचें द्रावण मात्र ठराविक मर्यादेहून अधिक, गोल-रुंद भांड्यांत एकत्र आलें, तर आंच न लावतांही शृंखलाक्रिया सुरू होते. म्हणून अशा कारखान्यांतलीं भांडीं उंच व अरुंद असतात. ३० सप्टेंबर १९९९ रोजीं जपानांतील टोकाइमुरा येथें, इंधन तयार करण्याच्या कारखान्यांत, कामगारांनीं ठरलेली वाट सोडून युरेनियमचें द्रावण पोलादी बादल्यांनीं एका रुंद टाकींत ओतलें. निळा प्रकाश चमकला. त्या तिघांपैकीं दोघे पुढें दगावले. या हकीकतींत भस्मासुर कोठें आहे? येथें एक बादली आहे, वेळ वाचविण्याची घाई आहे, आणि त्या घाईकडे डोळेझाक करणारे वरिष्ठ आहेत. असुराचें नांव घेतलें कीं या तिघांचाही हिशेब विचारावा लागत नाहीं.

हिशेब हा शब्द आम्ही जाणून वापरला. तुर्भ्याच्या 'सायरस' भट्टींत कॅनडाच्या साह्यानें, शांततेच्या कामासाठीं म्हणून जें जळण जळलें, त्यांतून निघालेलें प्लुटोनियम १८ मे १९७४ रोजीं पोखरणच्या स्फोटांत वापरलें गेलें, आणि कॅनडानें आपलें साह्य बंद केलें. त्या स्फोटाबद्दल वाचकाचें मत कांहींही असो. तेंच पान कोणी, कोठें, किती ग्रॅम, कशासाठीं वापरलें हा प्रश्न 'शाप कीं वरदान' या विषयांत विचारतांच येत नाहीं. शाप व वर हे ऋषि आणि देव देतात, ते एकदां दिले कीं दिले. त्यांची तपासणी करणारा अधिकारी पुराणांत नाहीं.

आतां एका शब्दाकडे वळूं. सातारा जिल्ह्यांतील वाई येथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं मराठी विश्वकोशाचा प्रपंच मांडला. त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला, आणि वर्णानुक्रमाच्या कृपेनें 'अणु'पासून सुरू होणारे लेख त्या पहिल्याच खंडांत आले. त्या लेखनाची एक रीत आम्हांस फार मोलाची वाटते : नवी संज्ञा येतांच तिचा अर्थ तेथल्या तेथें कंसांत साध्या मराठींत दिलेला असतो. वाक्य अडखळतें खरें, पण वाचक अडखळत नाहीं. या विश्वकोशानें 'विक्रियक' शब्द योजिला. लोकांनीं मात्र 'अणुभट्टी' स्वीकारली. विक्रियक शब्दाला चव नाहीं हें आम्हांस कबूल आहे, आणि या लेखांतही आम्ही भट्टीच म्हणत आलों. पण भट्टी हा शब्द एका ठिकाणीं दगा देतो, तेवढें सांगितलें पाहिजे. भट्टींतलें जळण ओढून काढलें कीं भट्टी विझते. अणुभट्टी 'विझविली', शृंखलाक्रिया पूर्ण थांबली, तरी तिच्यांतील राख स्वतःच विघटत राहते व उष्णता सोडत राहते : पहिल्या क्षणीं पूर्ण शक्तीच्या शेंकडा सहा-सात, तासाभरानें दीड, दिवसानंतर अर्ध्याच्या आसपास. आंकडे लहान वाटतात. परंतु एक हजार मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीची उष्णता सुमारें तीन हजार मेगावॉट असते. तिचे शेंकडा सात म्हणजे दोनशें मेगावॉटहून अधिक, आणि तीही भट्टी 'बंद' असतांना! ११ मार्च २०११ रोजीं फुकुशिमा येथें भूकंप होतांच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. पुढें त्सुनामीनें डिझेलचीं जनित्रें बुडविलीं, पाणी खेळविणारे पंप थांबले, आणि बंद झालेल्या तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. 'बंद भट्टी वितळली' हें वाक्य त्या वेळीं मराठी वृत्तपत्रांत वाचून पुष्कळांस तें छपाईचें चुकलेलें वाटलें असल्यास नवल नाहीं.

या उष्णतेला पारिभाषिक मराठींत 'अवशिष्ट उष्णता' म्हणतात. आमच्या स्वयंपाकघरांत याहून नेमका शब्द पडून आहे : धग. आंच वेगळी, झळ वेगळी, ऊब वेगळी, आणि विस्तव काढल्यावर चुलींत राहते ती धग वेगळी, हें कोणत्याही गृहिणीस शिकवावें लागत नाहीं. अणुभट्टीची सुरक्षितता म्हणजे पुष्कळ अंशीं या धगीची व्यवस्था. म्हणजे पाणी, पंप आणि पंपाला वीज. सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडीनें नांगर व पंप बनविले, तिच्या कारखानदारांनीं अणुवीजकेंद्रांसाठींही पंप पुरविले. आणि त्याच माळावरून १९२० पासून एक मासिकही निघूं लागलें. पंपाविषयीं पुराण न आणतां लिहितां येतें, हें त्या मासिकानें आपल्याला केव्हांच दाखविलें होतें.

सुरक्षिततेच्या प्रश्नांत सातारा जिल्ह्याचा वांटा मात्र पंपाहून मोठा आहे, आणि तो दुःखाचा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे पाटण तालुक्यांत कोयनानगर हादरलें. दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. आजही त्या भागांतले वृद्ध आपलें वय 'भूकंपाच्या आधीं इतकीं वर्षें' असें सांगतात. दख्खनचें पठार अचल आहे अशी तोंवर विद्वानांची समजूत होती. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या रचनेंत भूकंपासाठीं गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट इतका आडवा जोर धरलेला होता. धरणांतीलच यंत्रानें त्या पहाटे ०.६३ पटीची नोंद केली. (हे दोन आंकडे एका मापानें मोजलेले नव्हेत, हें अभियंते आम्हांस सांगतील, तरी अंतर बोलकें आहे.) धरणास तडे गेले, पण तें उभें राहिलें, व नंतर त्यास टेकू देऊन बळकट करण्यांत आलें. त्या एका यंत्राची नोंद जगभरच्या धरणविद्येंत आजही गणितासाठीं घेतली जाते. १९७० सालीं देशाचा भूकंप-नकाशा बदलला. त्या पहाटे तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांची उभारणी चालू होती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

जैतापूरला सहा मोठ्या भट्ट्यांचा प्रकल्प योजला गेला तेव्हां सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना कोयनेचें नांव पुन्हा निघालें. त्या वादांतलें मराठी गद्य आम्हीं बरेंचसें वाचलें. एक पक्ष म्हणे, 'कोयनेसारखा भूकंप झाला तर?' दुसरा म्हणे, 'तज्ज्ञांनीं सर्व विचार केलेला आहे.' पहिलें वाक्य प्रश्न असून उत्तराची वाट पाहत नाहीं. दुसरें उत्तर असून कशाचें तें सांगत नाहीं. किती मोठा भूकंप, किती अंतरावर, किती खोलीवर, किती वर्षांत एकदां, आणि त्यानंतर धगीसाठीं किती तास पाणी पुरेल, एवढीं पांच परिमाणें नसतील तर 'सुरक्षित' व 'असुरक्षित' हे दोन्ही शब्द सारखेच रिकामे. आमचा रोष दुसऱ्या पक्षावर अधिक आहे, कारण आंकडे त्याच्यापाशीं होते व मराठींत ते देण्याचें कष्ट त्यानें घेतले नाहींत. पाटण तालुक्यांत गोठणे येथें जमिनींत तीन किलोमीटर खोल विंधन २०१७ सालीं पुरें झालें, कऱ्हाडजवळ त्यासाठीं संशोधनशाळा उभी राहिली. धरणाचें पाणी व भूकंप यांचा संबंध तेथें तपासला जात आहे. त्या खडकाचें तापमान आणि ताण यांची हकीकत वाचण्याचा पहिला हक्क खरें तर ज्यांचीं घरें १९६७ सालीं पडलीं त्यांचा आहे.

आणखी एका शब्दाची तक्रार करावयाची राहिली. चेर्नोबिल (१९८६) आणि फुकुशिमा हे आंतरराष्ट्रीय मापावर सातव्या, सर्वांत वरच्या पायरीवर. नरोरा तिसऱ्या पायरीवर. मराठींत तिन्ही 'अपघात'च. उत्तर प्रदेशांतील नरोरा येथें ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनचीं पातीं तुटलीं, हायड्रोजन व तेल पेटलें, केबली जळाल्या आणि केंद्राची वीज सुमारें सतरा तास गेली. नियंत्रणकक्ष धुरानें भरून सोडावा लागला. भट्टी बंद केलेली होती. प्रश्न धगीचा होता. आग विझविण्यासाठीं ठेवलेले डिझेलचे पंप लावून पाणी आंत पोंचविण्यांत आलें, आणि कांहीं कर्मचारी हातांत विजेऱ्या घेऊन अंधारांत वर चढले व बोरॉनचें द्रावण त्यांनीं स्वहस्तें सोडलें. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाहीं. पुढें पात्यांची घडण बदलली, केबलांचे मार्ग एकमेकांपासून वेगळे केले गेले. आमच्या कादंबरीकारांनीं हिरोशिमावर पुष्कळ अश्रु ढाळले आहेत. नरोऱ्याच्या त्या पाळीवर कोण होतें, कक्षांत धूर भरावयास किती वेळ लागला, आणि विजेरी तोंडांत धरून शिडी चढतांना माणूस काय मोजीत असेल, हें मराठींत लिहिलेलें आमच्या वाचनांत अद्याप आलेलें नाहीं.